नऊनेच बांधावा

वैष्णवी, तू कॉम्प्युटर शिकतेस म्हणून आज हे सांगतो. चिराग, तूही ऐक, पण मधे हसू नकोस. हे मला सुजीतने स्वतः सांगितलं, वाणगावला त्याच्या खोलीवर. सांगून होईपर्यंत त्याने दाराकडे एकदाही पाठ केली नाही.

सुजीत तेव्हा सरावलीला राहायचा. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. रिअ‍ॅक्टरचं तापमान बघायला तिथे एक लिनक्सचं मशीन होतं. त्यावर प्रोग्रॅम तयार आणून टाकत नसत. मूळ कोड आणायचा आणि त्याच मशीनवर बांधायचा. बांधणारा तो कंपायलर. असे दोन होते, जुना नऊ नंबरचा आणि नवा तेरा नंबरचा. काम कोणाकडून घ्यायचं ते एका कमांडने ठरवायचं.

"पण काका, जुना ठेवायचाच कशाला?"

साहेबांनीही हेच विचारलं, पोरी.

ते मशीन उभं केलं होतं आपल्या चिंचणीच्या दिनानाथ सावेंनी. दिवाळीत गेले ते, झोपेतच. तापमान चढलं की भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम त्यांचाच. त्याच्या पहिल्याच ओळीत त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'हा नऊनेच बांधावा.'

अकरा जानेवारी, दोन हजार पंचवीस. शनिवार. प्लांट रात्रभर बंद, सकाळी सहाला नवी बॅच. साहेबांनी सांगितलं, "जुना काढून टाक. सगळं तेराने बांध." सुजीतने डबा खाल्ला आणि रात्री साडेनऊला ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून काम सुरू केलं. मशीन पलीकडच्या शेडमध्ये, कंट्रोल रूममध्ये. तिला कुलूप.

बाकी सगळं नीट बांधून झालं. भोंग्याच्या प्रोग्रॅमवर मात्र तेरा अडला. चुका दाखवायला लागला. सुजीतने ती पहिली ओळ वाचली होती. तरी त्याने काय केलं? तेराला सांगितलं, चुकांकडे दुर्लक्ष कर. मग बांधला गेला.

पावणेएकला त्याने सहज बघितलं, तर निवड नऊवर. आपणच विसरलो असू म्हणून त्याने तेरा निवडला.

पाच मिनिटांनी पुन्हा नऊ.

पुन्हा तेरा.

पुन्हा... नऊ.

आता त्याने विचारलं, मशीनवर लॉगिन कोण आहे? दोन नावं आली. एक त्याचं. दुसरं, दिनानाथ. कुठून, तर कंट्रोल रूमच्या कीबोर्डवरून. ते नाव सुजीतने स्वतः नोव्हेंबरात मशीनवरून काढलं होतं.

त्याने वॉचमन झुंबरला फोन लावला.

"झुंबरभाऊ, कंट्रोल रूममध्ये कोण आहे?"

"कोन नाय साहेब. कुलूप हाय. चावी माझ्याकडंच हाय."

"दाराशी जाऊन बघा जरा."

पावलं वाजली. थांबली.

"झुंबरभाऊ?"

"साहेब... आत कोनतरी टाइप करतंय. तुमीच हाय ना आत?"

"मी ऑफिसात आहे."

"...लाइट बंद हाय साहेब. आत काळोख हाय."

फोनमधून सुजीतलाही ऐकू आलं. टक. टक टक. घाईघाईने. कोणीतरी काहीतरी पुरं करायला धडपडतंय, तसं.

झुंबरने फोन ठेवला. तो गेटवर पळाला.

त्या वेळी तो थांबला असता तर... पण माणूस घाबरला की आधी ती गोष्ट डोळ्यांसमोरून घालवतो. त्याने नऊ नंबरचा कंपायलर मुळासकट काढून टाकला. दुसरं नाव गेलं. पडदा शांत.

भोंग्याची चाचणी राहिली होती. खोटं तापमान द्यायचं, भोंगा वाजतो का बघायचं. दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी कंट्रोल रूममध्ये जावं लागलं असतं.

तो गेला नाही. तीनला घरी जाऊन झोपला.

सहाला बॅच सुरू झाली. ऑपरेटर होता निमेश, सव्वीस वर्षांचा, लग्न ठरलेलं. सात वीसला तापमान चढलं. भोंगा वाजला नाही. तापमान तपासणारी ती ओळच तेराने निरुपयोगी समजून गाळली होती, हे नंतर कळलं. निमेश रिअ‍ॅक्टरजवळच उभा होता. भोंग्याच्या भरवशावर... रिअ‍ॅक्टर फुटला.

सुजीतने चौकशीत काही लपवलं नाही. "चाचणी मी केली नाही," म्हणाला. नोकरी गेली. निमेशच्या घरी जाऊन आला. त्याच्या आईने पाणी दिलं.

एक गोष्ट मात्र त्याने चौकशीत सांगितली नाही. मला दाखवली. शनिवारी संध्याकाळी, कुलूप लावायच्या आधी, त्याने कंट्रोल रूममध्ये कोरा कीबोर्ड बसवला होता, खोक्यातून काढून. त्याच्या फोनवर निमेशचा शेवटचा मेसेज आहे, सहा वाजून चार मिनिटांचा. सुजीत तेव्हा झोपलेला. मेसेजमध्ये एक फोटो, आणि खाली लिहिलंय, 'सर, हा जुना का लावलात?'

फोटोत तोच कीबोर्ड आहे. शेजारी रिकामं खोकं.

आणि कीबोर्डवर एकही अक्षर उरलेलं नाही. सगळी झिजून गेलीत.