चौघांची खोली

नणंदेचा आजार आता बरा होणाऱ्यातला नाही हे कळलं, त्याच आठवड्यात आम्ही गाडीनं जायचं ठरवलं. ती राहायची देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. विमानानं गेलो असतो तर दुपारच्या जेवणाला पोचलो असतो. पण सासऱ्यांच्या हृदयाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं होतं. रेल्वे तिथवर जात नाही, आणि बसचे धक्के त्यांना सोसले नसते. उरली आमची जुनी पांढरी मोटार.

रविवारी सकाळी नाश्त्याच्या बशा उचलल्याबरोबर नवऱ्यानं टेबलावर नकाशा पसरला. फोनवर सगळं दिसतं, पण त्याला कागद लागतो. तो लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर उभ्या वाटेनं खालीवर करणारा माणूस, त्याला आडव्या रस्त्याचं भारी अप्रूप. बोट फिरवत त्यानं मुक्काम ठरवले. पहिला घाटाच्या अलीकडे, दुसरा घाट उतरल्यावर, तिसरा मोठ्या नदीच्या काठी. मग समुद्र.

"उजाडलं की निघायचं, दिवेलागणीच्या आत टेकायचं. अंधारात गाडी हाकायची नाही," तो म्हणाला.

"मला मागं खिडकीशी बसवा," सासरे म्हणाले. "पोत्यासारखा पडून राहीन. अधूनमधून हलवून बघा म्हणजे झालं."

"बाबा, काहीतरीच काय!" नवरा म्हणाला.

आमची ठकी खो खो हसली. ती चौथीत. आजोबांच्या प्रत्येक विनोदाला हसायचं व्रतच घेतलं होतं तिनं. सासरेही हसले, पण त्यांची नजर नकाशाच्या निळ्या कडेवरून हलली नव्हती. लेकीला शेवटचं बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा बोलले नव्हते.

खोल्या ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी लगेच पहिल्या मुक्कामाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"चौघांसाठी एक खोली हवी होती. येत्या शनिवारी."

"पुन्हा येताय?" पलीकडचा माणूस खूश होऊन म्हणाला. "या की. तीच देऊ, मागच्या अंगणाकडची?"

"आम्ही पहिल्यांदाच येतोय."

"असं कसं ताई? आवाज ओळखला ना मी. तुम्ही, साहेब, आजोबा आणि मुलगी. मुलीला गाडी लागली होती, माझ्या बायकोनं लिंबूपाणी करून दिलं तिला. आजोबांशी डावीकडून बोलायला लागतं, बरोबर?"

सासऱ्यांचा उजवा कान गेलेला आहे. डाव्या कानातलं यंत्र मीच बसवलं आहे.

"बघा, प्रसिद्ध झालात तुम्ही," नवरा त्यांना म्हणाला. "त्याला दिवसाला दहा म्हातारे भेटत असतील. दहातले सहा उजव्या नाहीतर डाव्या कानानं बहिरे."

मी खोली पक्की केली. सासरे तेवढे हसले नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पुढं पोचलो होतो का आपण? विचारायचं होतंस."

दुसऱ्या मुक्कामाला मी सोमवारी हॉस्पिटलातून फोन केला. मी श्रवणतपासणी करते. आमच्याकडे एक छोटी खोली आहे, भिंती जाड, दाराला रबराची कड. बाहेरचा जराही आवाज आत येत नाही. पेशंट आत बसतो, कानात बारीक सूर ऐकू आला की बटण दाबतो. पुष्कळ लोक सूर नसतानाही बटण दाबतात. ते खोटं बोलत नसतात. वाट बघून बघून कानच आवाज तयार करतो. आदल्या दिवसाच्या फोनचं मी असंच काहीतरी उत्तर मनाशी ठरवलं होतं. गैरसमज त्या माणसाचा, आणि त्याला जुळवून घेणारे कान आमचे.

जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत बसून मी नंबर फिरवला. पेट्रोल पंपाच्या वर खोल्या होत्या. बाईच्या आवाजामागे ट्रकचे ब्रेक फुसफुसताना ऐकू येत होते.

"तिघांसाठीच ना?" तिनं विचारलं.

"चौघांसाठी."

"बरं." तिनं लिहून घेतलं असावं. "मागच्या वेळी तिघं होता, म्हणून म्हटलं."

 मी कामावरच्या आवाजात विचारलं, "कोण कोण होतं?"

"तुम्ही, तुमचे मिस्टर, मुलगी. मला चांगलं आठवतं, कारण मागची अर्धी सीट मोकळी असूनही मुलगी मधे चेपून बसली होती. खिडकीशी कुणी बसलेलं असावं तशी. मी म्हटलं, सरक की बाळा. तर तुम्ही म्हणालात, राहू दे. आजोबा मागं राहिले."

"मागं म्हणजे कुठं?"

"ते मी कशी विचारणार? तुमचे चेहरे बघून विचारवलं नाही."

त्या खोलीत माणसाला स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. पेशंटांना मी हे गंमत म्हणून सांगते. त्या दिवशी मी दार उघडून बाहेर आले आणि कॉरिडॉरमधल्या गर्दीत बराच वेळ नुसती उभी राहिले.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याला आधी हसू आलं, मग राग आला. "कुणीतरी थट्टा करतंय. आपला नंबर कुठूनतरी फुटला असणार. तिसरा फोन मी करतो. बघू काय म्हणतात."

त्यानं संध्याकाळी ठकीला खाली खेळायला पिटाळलं आणि फोन लावला. नदीकाठच्या त्या विश्रामगृहावर एक म्हातारा रखवालदार होता. त्याचा आवाज सावकाश, खालच्या पट्टीतला.

नवऱ्यानं आमचं गाव सांगितलं, गाडीचा रंग सांगितला. "आमच्यापैकी कुणी तिथं येऊन गेलं का?"

"बाई आल्या होत्या. आणि त्यांची मुलगी. आपण कोण?"

"मी तिचा नवरा."

 म्हातारा म्हणाला, "साहेब, अशी चेष्टा करू नये. बाईंनी मला सांगितलंय तुमचं. म्हणजे, त्यांच्या नवऱ्याचं. रडूनसुद्धा झालं होतं त्यांचं. गाडी धड चालवता येत नव्हती. ती एवढीशी पोर शेजारी बसून गिअर कधी टाकायचा ते सांगत होती."

नवऱ्यानं फोन बंद केला. मला गाडी येत नाही. मी जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. त्यानं नकाशाची घडी घातली. घडी चुकली. पुन्हा घातली.

"चौथा फोन नको," तो म्हणाला.

चौथा फोन आम्ही केलाच नाही. तो आला.

बुधवारी दुपारी मी घरी होते. सासरे आतल्या खोलीत झोपले होते. फोनच्या पडद्यावर नणंदेचं नाव दिसलं तेव्हा मला बरं वाटलं. गेले काही दिवस तिच्यात फोन उचलायचंही त्राण नव्हतं.

"अगं, वर ये ना," ती म्हणाली. आवाज अगदी पातळ झाला होता, पण त्यात आनंद होता. "मघापासून बघतेय मी खिडकीतून. गाडीतच काय बसून राहिलीस?"

"ताई, मी घरी आहे."

"बाबा कुठं आहेत? एकटीच आलीस?"

"ताई, मी आपल्या घरी आहे. आम्ही अजून निघालो नाही."

तिचा श्वास ऐकू येत होता. त्यामागे समुद्र. "मग खाली कोण आहे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तूच आहेस," ती म्हणाली. "केस कसे झालेत गं तुझे."

मी काहीतरी म्हणाले. औषधांमुळे असं होतं, असं काहीतरी.

"थांब," ती म्हणाली. "तिनं वर बघितलं."

आणि फोन तिच्या हातून पडला असावा. मी खूप हाका मारल्या. पलीकडे लाटांचा आवाज येत राहिला. शेवटी तिच्या नर्सनं फोन उचलला आणि ताईंना झोप लागली आहे, असं सांगितलं. खाली गाडी आहे का, हे मी नर्सला विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही जाणं रद्द केलं.

सासऱ्यांना काय सांगायचं? नवऱ्यानं घाटात दरड कोसळल्याचं सांगून पाहिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि माझ्याकडे तोंड वळवलं. "तू सांग." मी सगळं सांगितलं. ते डावा कान पुढं करून, मान न हलवता ऐकत राहिले.

"म्हणजे तुम्ही फोनला घाबरलात," ते म्हणाले. "माझी पोर तिकडे मरतेय."

"बाबा, दुसऱ्या मुक्कामाला तुम्ही नव्हतात," नवरा म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

"नसेन. घाटापर्यंत तरी गेलो असतो."

त्यानंतर ते आमच्याशी बोलले नाहीत. ठकीशी बोलायचे, पण पूर्वीसारखं नाही. दुपारी बूट घालायचे आणि लिफ्टनं तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसायचे. आम्ही अडवलं नाही. किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली. तेवढं तरी त्यांना मिळावं, असं वाटलं.

शनिवारी, आम्ही निघणार होतो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ते चहाला वर आले नाहीत. मी बोलवायला गेले. पट्टा लावून ते नीट बसले होते, काच खाली केलेली, कोपर खिडकीवर टेकलेलं. डोळे मिटलेले. हात लावल्यावर कळलं.

हृदयच थांबलं, डॉक्टर म्हणाले, आणि त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. पण कपडे बदलताना नवऱ्यानं मला आत बोलावलं. सासऱ्यांचा खिडकीकडचा हात कोपरापासून बोटांपर्यंत रापून लाल झाला होता. त्या बाजूचा गालही. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा ठसा तसाच उमटलेला. दिवसभर उन्हात गाडीच्या खिडकीशी बसलं की होतो तसा.

आमच्या पार्किंगला खिडकी नाही. तिथं दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते.

नणंद त्यानंतर लवकरच गेली. बाप गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. नर्स म्हणाली, शेवटी शेवटी त्या सारख्या विचारत होत्या, बाबा मागं का राहिले म्हणून.

नवऱ्यानं जायचं ठरवलं. मी त्याला खूप विनवलं. भांडले. त्याच्या बॅगेतले कपडे बाहेर काढून फेकले.

"तिचं तिथं कुणी नाही," तो कपडे गोळा करत म्हणाला. "कुणीतरी हवं की नको? आणि मी गाडीनं जात नाहीये. विमानात जागा नाही, बसनं चाललोय. ते सगळं गाडीचं होतं ना? बस वेगळी." मला पटवत होता की स्वतःला, कोण जाणे. दारात त्यानं ठकीच्या केसांतून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला.

घाट उतरून पंप ओलांडल्यावर त्यानं मला फोन केला. सगळं ठीक होतं. शेजारचा माणूस घोरत होता, म्हणून तो वैतागला होता. त्याचा तो वैतागलेला आवाज ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी हसले.

पुढं नदीच्या अलीकडे, मोकळ्या माळावर बसचं चाक पंक्चर झालं. प्रवासी पाय मोकळे करायला उतरले. भर दुपार होती. आजूबाजूला झाड नाही, घर नाही, झुडूपसुद्धा नाही. ड्रायव्हरनं चाक बदललं, सगळे वर चढले, माणसं मोजली. एक कमी भरला. पोलिसांनी माळ पिंजून काढला. बॅग सीटवर होती, फोन बॅगेत होता. शेजारच्या माणसानं जबानी दिली की एक पांढरी गाडी आली होती, थांबली नाही, नुसती हळू झाली. आत एक बाई आणि लहान मुलगी होती. माझा नवरा गाडीकडे बघून हात हलवत राहिला, आणि ती गेल्यावर शेजाऱ्यानं वळून बघितलं तर तो तिथं नव्हता.

आमची गाडी तेव्हा पार्किंगमध्येच होती. पोलिसांनी येऊन खात्री केली. मग मी ती भंगारवाल्याला दिली आणि यंत्रात चेपून तिचा ठोकळा होईपर्यंत समोर उभी राहिले.

आता घरात आम्ही दोघीच. मी हॉस्पिटलातून रजा घेतली आहे. ठकीला शाळेत मी पायी सोडते, पायी आणते. ती एकटी दिसेनाशी होईल अशी एकही जागा मी ठेवलेली नाही. न्हाणीघराच्या दाराची कडीसुद्धा काढून टाकली. ती कशाबद्दल तक्रार करत नाही. बाबांचं विचारत नाही, आजोबांचं विचारत नाही. हसणं मात्र बंद झालं आहे.

काल शाळेतून आल्यावर आम्ही दोघी सोफ्यावर बसलो होतो. समोर बंद खिडकी. पलीकडच्या इमारतीच्या बाल्कन्या, वाळत घातलेले कपडे, एका कठड्यावर मांजर. ठकीचे डोळे जड झाले होते. काचेकडे बघत ती कंटाळलेल्या आवाजात म्हणाली,

"आई, अजून किती लांब आहे?"

"झोप थोडी," मी म्हणाले. "आलं की उठवते."

काय बोलले ते माझं मलाच नंतर कळलं. तिनं डोळे मिटले होते. बाहेरचं मांजर जागचं हललं नव्हतं, कपडे हलत नव्हते. मी नीट बघून घेतलं.

मग ठकीचं अंग सावकाश माझ्याकडे कललं, मोठं वळण आल्यासारखं. आणि मीही कलले.