पाचव्या झाडावरचं मोहोळ

जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या उत्तमकाकांचं रान आहे. तिथल्या सहा झाडांवर माचे बांधून, मध्ये तारा आणि दोराचे पूल ओढून आम्ही झाडावरून झाडावर जायचा मार्ग उभा केला. उद्या पहिल्या शाळेची मुलं येणार होती. त्याआधी मी आणि माझा धाकटा भाऊ कुशल, दोघांनी तो स्वतः चढून तपासायचं ठरवलं.

आमचा नियम एकच. कमरेच्या पट्ट्याला दोन हुक; एक काढायचा तर दुसरा तारेवर हवाच. काकांना याचं हसू यायचं. "दोन-दोन हुक कायले पायजेत? देवावर भरोसा नाई काय तुले, सुचिता?"

पाचव्या झाडाच्या, म्हणजे नाल्याकाठच्या अर्जुनाच्या शेंड्याला आठवड्यापूर्वी आग्या मोहोळ बसलं होतं. उद्घाटन पुढे ढकलू म्हटलं, तर काका म्हणाले, "आपन नाई छेडलं तं त्या कायले छेडतीन?" आणि मी गप्प बसले. ती माझी चूक, ती मी कुणावर ढकलणार नाही.

चौथ्यापासून पाचव्या झाडापर्यंत दोराचा पूल. खाली चाळीस फुटांवर नाल्याचे खडक. कुशल पुलाच्या मध्यावर पोचला, मी मागे माच्यावर उभी होते. तेवढ्यात नाकात राळेचा वास शिरला.

घरात नवा ट्रॅक्टर आला तरी काका आधी त्याची पूजा करतात. त्या दिवशीही त्यांनी पाचव्या झाडाच्या बुंध्याशी गोवरी पेटवून वर राळ टाकली होती. धूर सरळ शेंड्याकडे निघाला होता.

"काका, विझवा ते!"

उशीर झाला होता. मोहोळ उठलं. काळा लोट पुलावर कोसळला आणि कुशल दिसेनासा झाला. नुसती किंकाळी ऐकू आली. तो हात झाडत होता, स्वतःच्या तोंडावर चापट्या मारत होता. मग त्याने एक हुक काढला.

"ताई, मी उडी मारतो! डोये गेले माये, काई दिसत नाई!"

त्याचा हात दुसऱ्या हुकाकडे गेला. मी हुक अडकवला आणि धावले. मानेवर, ओठांवर, पापण्यांवर डंख. तोंडात शिरलेली माशी चावून थुंकली. त्याच्या बोटांनी हुकाची कडी उघडली होती. मी मुठीने त्याच्या मनगटावर हाणलं. त्याने मला ढकललं. मी पुन्हा हाणलं, नाकावर. रक्त उडालं.

"अबे, मरशीन! हात काढ तिथून!"

तो ढिला पडला. आंधळ्या माणसाला घेऊन मागची शिडी उतरणं शक्य नव्हतं. पुढेच जायचं होतं, मोहोळाच्या खालून. त्याला बखोटीला धरून ओढत मी पाचवा माचा गाठला. तिथून लांब उताराची तार सहाव्या झाडापर्यंत जात होती. दोघांचे पट्टे एकत्र अडकवले, घसरत जायचं कप्पीचं चाक तारेवर चढवलं आणि पाय सोडले.

वेग वाढला. तो आवरायला मी हातमोज्याने तार दाबली. पकडच नाही! हात लाल झाला होता. तेलात कालवलेला शेंदूर. काकांनी तारेचीही पूजा केली होती.

सहावं झाड अंगावर आलं. मी पाठ पुढे केली. बुंध्याला बांधलेल्या टायरांवर आम्ही असे आदळलो की माझ्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. काका तोवर अंगावर डंख घेत, ओली घोंगडी ओढत धावत आले होते. त्यांनी ती आमच्यावर टाकली आणि वरून स्वतः आडवे झाले.

दवाखान्यात चौथ्या दिवशी कुशलचे डोळे उघडले. "माश्यायपेक्षा तुनंच जास्त मारलं," तो म्हणाला. मला रडूच आलं.

शाळा दोन महिन्यांनी आली. अर्जुनाचं झाड आम्ही सोडून दिलं, मार्ग दूरच्या सालईच्या झाडावरून नेला. काकांनी रॉकेलच्या फडक्याने वीतवीत तार पुसून काढली होती, कुणी न सांगता. नारळ फाटकाबाहेर फुटला, राळ नव्हती.

पहिली मुलगी शिडी चढून माच्यावर उभी राहिली. खालून काकांचा घोगरा आवाज आला, "पोरी, दोनी हुक लावले काय?"

ती हो म्हणाली. मग त्यांनी देवाला हात जोडले.