सोळा आणि सतरा

"बाईंनी हे मला एकदाच सांगितलं," आजोबा म्हणाले. "त्यामुळे मध्ये प्रश्न विचारू नका."

जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेली नातवंडं गप्प झाली. आजोबा एकतीस वर्षं शाळेत शिपाई होते. कुठल्या दाराची कुठली किल्ली, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

तो मंगळवार होता. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. भूगोलाच्या बाई संगणकाच्या खोलीत उद्याचा धडा तपासत होत्या. त्यांची नोकरी तात्पुरती. सकाळी आठला समिती येऊन धडा बघणार आणि त्यांना ठेवायचं की नाही ते ठरवणार.

धडा भूपट्टांचा होता.

"भूपट्ट म्हणजे?" धाकटीने विचारलंच.

"पृथ्वीच्या कवचाचे मोठाले तुकडे. सरकतात. पण बोटाचं नख वाढतं ना, तेवढ्याच वेगाने. आता तोंडाला कुलूप."

संगणकावर मुलांनी हे तुकडे स्वतः सरकवायचे होते. दोन संगणकांची एक जोडी. 'जवळ' एकट्यालाही करता यायचं. 'दूर' मात्र दोघांनी एकाच वेळी कळ दाबून धरली तरच. टेबलं दोन रांगांत, फरशीला स्क्रूने जखडलेली. सोळा आणि सतरा नंबरच्या संगणकांवरची मुलं एकमेकांकडे पाठ करून बसायची. सतरा बंदच होता. त्याची वायर आणि खुर्चीसुद्धा काढून ठेवलेली.

मोठ्या पडद्यावरचं चित्र स्पष्ट दिसावं म्हणून बाईंनी दिवे मालवले होते, खिडक्यांचे काळे पडदे ओढले होते.

"मी बाहेरून बघितलं तर अंधार. हाक मारायचे कष्ट कोण घेणार? कुलूप घातलं आणि घरी गेलो."

"म्हणजे तुम्हीच कोंडलंत!"

"मीच," आजोबा म्हणाले. ते हसले नाहीत.

कुलपाचा आवाज बाईंनी ऐकला. त्या धावल्या, दार बडवलं, ओरडल्या. फोन शिक्षकांच्या खोलीत चार्जिंगला होता. 'चला, एका रात्रीचा तर प्रश्न,' असं मनाशी म्हणत त्या वळल्या.

पडद्यावर दोन तुकडे जवळ येत होते.

कुणी हात लावला नव्हता. एक तुकडा सोळाचा. दुसरा सतराचा. बाई सोळापाशी बसल्या आणि 'थांबा' दाबलं. काही थांबलं नाही.

मागे कळ वाजली. टक्.

खुर्चीच्या पाठीला काहीतरी टेकलं. बाईंनी मागे हात नेला. टेबलाची कड. सतराच्या टेबलाची.

टक्.

खुर्ची पुढे ढकलली गेली. पोट सोळाच्या टेबलाला लागलं. उठायला जागा नाही. पडद्यावर डोंगर वर येत होते.

टक्.

श्वास अर्ध्याहून जास्त आत जाईना.

"कोण आहे...?"



मान वळेना. हात तेवढे मोकळे. मग त्यांना नियम आठवला. 'दूर' एकट्याने व्हायचं नाही.

वर्गात चुकलेल्या मुलाशी बोलतात तशा त्या हळूच म्हणाल्या, "तुला जमेल रे. 'दूर' दाब. मी पण दाबते. सोडायचं नाही हं..."

त्यांनी कळ दाबून धरली.

शांतता.

शांतता.

टक्.

कड पाठीवरून सुटली. बाईंनी पहिला पूर्ण श्वास घेतला. उठल्या मात्र नाहीत. बोट उचललं तर...?

"सकाळी सहाला मी दार उघडलं. बाई सोळापाशीच. बोट कळेवर, पांढरंफटक. मला म्हणाल्या, आधी त्याला सोडू दे."

"मग?"

"मागे टक् झालं. मीही ऐकलं. मग बाईंनी बोट उचललं."

शेवटी थोरल्याने विचारलं, "नोकरी राहिली त्यांची?"

"राहिली. समितीला धडा फार आवडला. सोळा-सतराकडे तेवढं कुणाला बसवलं नाही."

आजोबांनी खिशातून एक जुनी फूटपट्टी काढून मांडीवर ठेवली.

"त्या सकाळी मी दोन टेबलांमधलं अंतर मोजलं. नेहमीपेक्षा हातभर जास्त. स्क्रू घट्ट. फरशीला तडा नाही. मग दरवर्षी त्याच तारखेला मोजत गेलो."

त्यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं.

"अजून वाढतंय."