चाळीस खलाशांची होडी

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पैज लावून सांगतो. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांनाही अजून वाटत नाही. ही समोर धक्क्याला बांधलेली होडी बघताय ना, माझ्या भाचीची, 'सागरवेल'? पंधरा मीटर लांब. ती कुठल्याही कारखान्यात एवढी बांधलेली नाही. ती आधी याच्या निम्मी होती. मग वाढली.

"मामा, होडी सोडायची वेळ होऊन गेली," गौतमीबाई म्हणाल्या. या खाडीपलीकडच्या वावळीच्या दवाखान्यातल्या परिचारिका. मांडीवर लसींचा थंड डबा घेऊन बसलेल्या.

सुटेल हो. बसा तोवर. गोष्ट लहान आहे.

तर सुरुवात होते ती टेकडीवरच्या प्रयोगशाळेत. तिथे डॉ. विभावरी देवस्थळी नावाच्या पदार्थवैज्ञानिक होत्या. त्यांच्यासमोर टेबलावर दोन चमचे ठेवलेले होते. एक चहाचा आणि दुसरा हुबेहूब तसाच, पण डावाएवढा. टेबलाच्या या बाजूला माझी भाची भानू चोगले आणि नौकारचनाकार फिरोज मुकादम.

"दोन्ही उचलून बघा," देवस्थळीबाई म्हणाल्या.

भानूने उचलले. मोठा चमचा हाताला लागलाच नाही, पिसासारखा वर आला.

"पोकळ आहे?"

"नाही, भरीव आहे. कुठलीही वस्तू अणूंची असते आणि अणू ठरावीक अंतरावर बसलेले असतात. आमचा अंतरवर्धक ती अंतरं दुप्पट करतो आणि ती तशीच टिकवतो. नवा अणू एकही घातलेला नाही. वस्तू तीच, वजन तेच, फक्त ऐसपैस."

"माझी होडी साडेसात मीटरची आहे," भानू म्हणाली. "नवा नियम आलाय. पंधरा मीटरच्या आतल्या होडीला खाडीच्या तोंडाबाहेर प्रवासी नेता येणार नाहीत. वावळीला रस्ता नाही, बाई. शहरातला मोठा दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळं माझ्या होडीवर. परवाना गेला की गाव तुटलं. सर्व्हेअर पुढच्या आठवड्यात येतोय."

"मग नवी मोठी होडी घे," मुकादम म्हणाले.

"नवी बांधून मिळायला वर्ष लागतं. आणि ही बाबांनी बांधलीय. त्यांनी ठोकलेली फळी मी मोडीत घालू?"

मुकादमांनी देवस्थळीबाईंकडे पाहिलं. मुकादमांची चष्म्याआडची नजर हिशेब करत होती. "विभावरीबाई, लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. म्हणजे आकारमान आठपट. आणि वजन?"

"जेवढ्याला तेवढं."

"मग गंमत होणार," मुकादम म्हणाले आणि गप्प बसले. हे एवढं बोलून गप्प बसणारे लोक मला आवडत नाहीत.

भानूने होडी टेकडीवर ओढून आणली. टाकी डिझेलने काठोकाठ भरलेली, म्हणजे डिझेलही वाढेल हा तिचा हिशेब. यंत्राच्या कड्यांमधून होडी सरकली आणि पलीकडून 'सागरवेल' बाहेर आली ती ही एवढी. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेले डोळे परातीएवढे. भोंगा वाजवला तर पूर्वी कोकरासारखा ओरडायचा तो आता रेड्यासारखा घुमला. भानूच्या डोळ्यांतून पाणी आलं. बापाच्या हातचा एकूणएक खिळा जागच्या जागी होता, फक्त बोटाएवढा झालेला.

हिशेब बिघडायला लागला तो दुसऱ्या दिवशी.

एक नट सैल वाटला म्हणून भानूने पाना काढला. पाना होता घरी ठेवलेला, जुन्या मापाचा. बसणार कसा? सगळ्या जिल्ह्यात त्या मापाचा पाना नाही. बाकांचंही तसंच. पाय जमिनीला टेकेनात. वावळीचे दादू पाटील बाकावर चढून बसले, पाय हलवले आणि म्हणाले, "सत्तरी उलटल्यावर परत बालवाडीत आलो गं भानू." डिझेलची टाकी आठपट दिसायची, पण आग एकाच टाकीची. पूर्वी एक बादली जेवढं अंतर न्यायची तेवढ्याला आता आठ बादल्या. शिवाय वरून नवं डिझेल ओतावं तर ते साध्या मापाचं, घट्ट. इंजिन त्या पहिल्या घोटालाच उचक्या द्यायचं.

पण हे सगळं निभलं असतं. खरी पंचाईत पाण्यात उतरल्यावर कळली.

मुकादमांनी धक्क्यावरच्या टपरीत चहाची बशी पाण्याच्या घमेल्यात सोडून समजावलं. "होडी आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते. वजन तेच, म्हणजे सारायचं पाणी तेच. पण तळ झालाय चौपट पसरट. मग ती बुडणार किती? पूर्वीच्या चौथ्या हिश्शाइतकीच."

"हे चांगलंच की!" भानू म्हणाली. "तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून भर ओहोटीलाही जाईन."

"जाशील. पण पंखा?"

भानू धावत होडीच्या मागे गेली. पंखा झाला होता परातीएवढा आणि त्याचा अर्धा भाग हवेत. इंजिन सुरू केलं तर त्याने पाणी कमी आणि वारा जास्त कापला. होडी जागची हलेना. आणि पश्चिमेकडून जरासा वारा सुटला, तेव्हा मात्र अशी हलली की पलीकडच्या खारफुटीत जाऊन अडकली. पिंपळाचं पान परवडलं.

"तळात पाणी भरून जड करू," भानू म्हणाली.

"आठपट जागा आहे. पुरतं पाणी भरलंस तर इंजिनाला आठपट ओझं. ताकद त्याची तेवढीच राहिलीय. गोगलगाय पुढे जाईल," मुकादम म्हणाले.

देवस्थळीबाई खाली मान घालून ऐकत होत्या. "मी तुम्हाला मोठी होडी दिली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मोठं माप दिलं. दोन्ही एकच असं धरून चालले होते. चुकलं माझं. हवी तर उद्या पूर्ववत करते."

"उद्या सर्व्हेअर येतोय," भानू म्हणाली. तिचा चेहरा असा पडला होता की मी दुसरीकडे बघायला लागलो. पूर्ववत केली तर लांबी कमी, परवाना गेला. तशीच ठेवली तर चालत नाही, परवाना गेला.

मुकादम बशीत एकेक बिस्कीट ठेवत होते. बशी हळूहळू खाली बसत होती. एका बिस्किटापाशी ते थांबले. "पंखा बुडेल आणि इंजिनही दमणार नाही, असं मधलं एक वजन आहे. साधारण चाळीस माणसं."

सकाळी सर्व्हेअर वावळीच्या धक्क्यावर आला. टेप लावली, पंधरा मीटर भरली. मग म्हणाला, "चालवून दाखवा."

"माणसं बसवते," भानू म्हणाली. अख्खी वावळी धक्क्यावर गोळा झालेली होती.

"परवाना मिळेपर्यंत प्रवासी बसवता येत नाहीत."

"आणि चालवून दाखवेपर्यंत परवाना मिळत नाही?"

"बरोबर."

वारा होडीला दोरापासून ओढत होता. भानूने एकदा त्या पंख्याकडे पाहिलं, एकदा गावाकडे. मग म्हणाली, "साहेब, खलाशी चालतात?"

"खलाशी चालतात. ते प्रवासी नव्हेत."

"चढा रे खलाशांनो!"

आणि सगळं गाव चढलं. दादू पाटील, भजनी मंडळ, शाळेचे हेडमास्तर, मासे विकायला निघालेल्या बाया टोपल्यांसकट. बाक उंच, म्हणून एकमेकांना ढुंगणाखाली हात देऊन वर चढवत होते. सर्व्हेअर बोट नाचवत मोजत राहिला. "ही आजीबाईसुद्धा खलाशी?"

गंगाआजी चोगले, वय पंच्याऐंशी. ती म्हणाली, "नांगर टाकून दाखवू का रे मेल्या? तुझ्या पायावर टाकते."

होडी खाली बसू लागली. अंगुळाअंगुळाने पंखा पाण्यात गेला. भानूने इंजिन चालू केलं आणि 'सागरवेल' निघाली. आधी बिचकत, मग सरळ. वाऱ्याने ढकललं की सगळे खलाशी एका बाजूला सरकायचे आणि होडी परत सावरायची. तोंडावरचा दांडा ओलांडून बाहेरच्या समुद्रात वळसा घातला आणि परत आली. सर्व्हेअरने परवाना दिला. एवढा खलाशांचा ताफा त्याने मालवाहू जहाजावरही पाहिला नव्हता म्हणाला.

देवस्थळीबाई धक्क्यावर उभ्या होत्या. भानूला म्हणाल्या, "अणू दूर केले मी. मध्ये जी रिकामी जागा झाली, तिचं काय करायचं हे मला सुचलं नव्हतं."

तेव्हापासून वावळीत कुणाला ताप आला, कुणाला परीक्षेला जायचं असलं, तर चाळीस माणसं सोबत निघतात. एकट्यादुकट्याला जाताच येत नाही. गावात भांडणं होत नाहीत, कारण भांडलेला माणूस चाळिसात धरावाच लागतो. म्हणजे बघा, होडी मोठी झाली आणि गाव जवळ आलं. चाळीस झाल्याशिवाय 'सागरवेल' सुटत नाही. सुटूच शकत नाही, पंखा पाण्याला लागत नाही! हा निसर्गाचा नियम आहे, त्यात ना माझा हात ना भानूचा.

गौतमीबाई उठल्या. लसींचा डबा छातीशी धरून धक्क्याच्या कडेशी गेल्या आणि होडीच्या मागच्या बाजूला वाकून बघू लागल्या. बराच वेळ बघितलं. मग सुकाणूपाशी बसलेल्या भानूला सोडून होडीतली माणसं मोजली. तीन माणसं आणि एक बकरी.

मग सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मामा, तीन माणसं आहेत आणि पंखा चांगला हातभर पाण्याखाली आहे! मोठी होडी घेतलीत, ती आता भरत नाही, आणि भरेपर्यंत आम्हाला इथं बसवून ठेवायचं, एवढंच ना? त्यासाठी अणू कशाला ओढत बसलात? लस गरम होतेय. भानू, सोड गं होडी!"