कडेच्या आतली रेघ

पहिल्या भेटीत मी दवाखान्याच्या झग्याच्या नाड्या पुढे बांधल्या होत्या. स्कॅनच्या खोलीबाहेर तो चहाचा कप घेऊन समोरून आला, थबकला आणि चटकन भिंतीकडे वळला.

"नाड्या मागे येतात," तो म्हणाला. "म्हणजे… भिंतीला सांगतोय मी."

"सांगा भिंतीला. मी ऐकत नाहीये."

तो हसला. आधी डोळे हसायचे त्याचे, ओठ मागाहून.

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली आणि माझे बाबा गेले. माझीही थोडी फुगलेली निघाली, म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन. त्या चित्रांवरून फुगवटा मोजायचा आणि तो फुटायचा धोका किती हे काढायचं, हे त्याचं काम.

"सगळ्यांना एकच माप लावून चालत नाही," त्यानं समजावलं. "तुमची उंची, तुमच्या वडिलांचं झालेलं, रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा ताण… सगळं धरावं लागतं."

"आणि माझा काळजीखोर स्वभाव?"

"तो धरला तर कॉम्प्युटर बंद पडेल."

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर असं कुणाशी बोलले नव्हते मी. पुढे तो रविवारी बागेत भेटू लागला. माझी लेक, खारूताई, त्याच्या खांद्यावर चढून बसायची. आई तिरकस विचारायची, "तपासणी सहा महिन्यांनी, आणि हा दर रविवारी? कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलाय?"

पुढच्या स्कॅननंतर त्याचाच फोन आला. "वाढ नाही. झोपा आता निवांत." आणि मी खरंच झोपले… कितीतरी दिवसांनी.

पण माझ्या सर्जनबाईंना चित्रं बघून शंका आली. त्यांनी दुसऱ्याकडून माप घ्यायला लावलं. फुगवटा वाढला होता, चांगलाच. ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नव्हता.

त्या संध्याकाळी बागेच्या बाकावर तो माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसला.

"माप बाहेरच्या कडेपासून घ्यायचं असतं. मी रेघ कडेच्या आत ओढली. शिकाऊ पोरंसुद्धा करत नाहीत हे."

"मुद्दाम?"

"नाही गं." पहिल्यांदाच अगं-तुगं. "कड जरा पुसट होती. ती आत असावी असं वाटत होतं… आणि मला तशीच दिसली."

माझ्या जिवावरच बेतलं असतं, तरी मी बरी असावी असं कुणी एवढं मनापासून मागितलं नव्हतं आजवर.

"तुझी केस सोडली मी," तो म्हणाला. "वरिष्ठांनाही सगळं सांगितलंय. आता तू माझी पेशंट नाहीस. म्हणजे… विचारू का?"

विचार ना, असं ओठांवर आलं होतं. समोर खारूताई घसरगुंडीवर उलटी चढत होती. तिला शिंक आली तरी मी कपाळाला हात लावून बघते. अंग तापलंय तर तापलंय असं म्हणणारं माणूस हवं होतं मला घरात.

"नको विचारूस," मी म्हटलं. "तुला माझ्यात वाईट काही दिसणारच नाही. मग जागं राहायचं काम मला एकटीलाच."

"बरं."

"ऑपरेशनलाही येऊ नकोस."

त्यानं मान हलवली. खारूताईला घसरगुंडीवरून अलगद उतरवलं आणि निघून गेला.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी आई होती. दार वाजलं की माझी मान वळायची. नर्स. सफाईवाली. पुन्हा नर्स.

"कुणाची वाट बघतेयस?"

"कुणाची नाही."

आईनं पांघरूण सारखं केलं. "येऊ नको म्हणालीस ना त्याला?"

"हो."

"मग कसा येईल? शब्दाबाहेर जाणारा नाही तो."

दार पुन्हा वाजलं. मी डोळे मिटून घेतले. एवढं कशाला ऐकायचं माणसानं…