निळ्या चाकाची टकटक

"ऐका! पुन्हा आला!"

रूपाने हात वर केला, तसे मागच्या सीटवरचे सम्यक आणि श्रेया चिडीचूप झाले. गाडी पडेगावच्या त्यांच्या गल्लीत वळत होती. टक... टक... टक... वेग कमी झाला तशी टकटकही मंदावली आणि गाडी दारात उभी राहताच थांबली.

"तीन दिवस झाले, पप्पा!" रूपा म्हणाली. "हा आवाज काही जात नाही."

मोतीराम हसत खाली उतरले. "अगं, जुनी गाडी आहे. म्हातारं माणूस उठता-बसता कण्हतं की नाय? फकिरा मिस्त्रीनं दोनदा बघितलं. खालून ब्रेक बघितले, टायरमधले खडे काढले. आता उद्या गाणी मोठ्यानं लावायची, म्हंजे आवाज गायब!"

"गाणी लावून दुखणं बरं होतं व्हय?" सम्यक पुटपुटला. हा रूपाचा चुलतभाऊ. पाचवी संपवून सुट्टीला जालन्याहून आला होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. श्रेया शेजारची, रूपाच्याच वर्गातली. ती बोलायची कमी, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

रूपाला मात्र हसू येत नव्हतं. उद्या बुद्धपौर्णिमा. पहाटे घरची-शेजारची मिळून सात माणसं समृद्धी महामार्गावरून नागपूरला, दीक्षाभूमीवर निघणार होती, तेही सत्यभामा आजीसाठी. आजी सात वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावर बसून तिथं गेली होती. त्यानंतर जाऊ जाऊ म्हणत जन्म सरला. एका वर्षी गुडघा दुखला, एकदा गाडी मिळाली नाही, एकदा घरात आजारपण निघालं. "आता बाबासाहेबांसमोर उभी राहिले की झालं," असं आजी म्हणायची आणि पुन्हा भाकरी थापायला लागायची.

म्हणून तर पप्पांनी ही सात सीटांची गाडी घेतली होती. आणि तिच्या स्वागताला रूपाने चारही चाकं निळी रंगवली होती! फकिरा मिस्त्रींनी चाकं काढून दिली आणि तिघांनी मिळून आतून-बाहेरून तीन-तीन हात मारले. गल्लीत जो तो थांबून बघायचा. रूपाची छाती अभिमानाने फुलायची.

आणि आता ही टकटक! महामार्गावर सुसाट वेगात काही निसटलं तर? पण ही भीती बोलून दाखवावी तर पप्पा जाणंच रद्द करतील आणि आजी पुन्हा मुकाट्याने भाकरी थापायला बसेल. सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत!

"रडत बसायचं की शोधायचं?" श्रेयाने विचारलं.

"शोधायचं," रूपा म्हणाली.

दुपारी आजीला पांढरी साडी घ्यायला शहागंजला जायचं होतं. तिघंही गाडीत घुसली. छावणीजवळ डाव्या हाताला एक लांबलचक भिंत लागते. ती येताच सम्यकने पोट धरलं. "काका, मला मळमळायलंय! काचा उघडा! सगळ्या उघडा!"

"अरे माझ्या सीटवर नको रे बाबा!" म्हणत मोतीरामांनी घाईघाईने काचा खाली केल्या.

विहिरीत हाक मारली की हाक परत येते, तशी भिंतीवर आपटून टकटक परत आली. डावीकडून! अगदी स्पष्ट! पुढे एका बोळात उजवीकडे भिंत लागली, तेव्हा तिकडून काहीच आलं नाही.

"डावी बाजू," श्रेया हळूच म्हणाली. "पण पुढचं चाक की मागचं?"

पप्पा आणि आजी साडीच्या दुकानात शिरले, तशी रूपाने खिशातून खडू काढला. डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांवर प्रत्येक नटावरून चाकाच्या पत्र्यापर्यंत तिने एकेक सरळ रेघ ओढली. नट जागेवर राहिला तर रेघही सरळ राहील. फिरला तर मोडेल.

परत येताना तिघंही खिडकीशी कान लावून बसली. "पोरं आज लई शहाण्यासारखी बसलीत," आजी म्हणाली, "काहीतरी शिजायलंय!"

घरी पोचताच रूपा पुढच्या चाकाशी वाकली. पाचही रेघा सरळ. मग ती मागच्या चाकाशी गेली. पाचातल्या तीन रेघा मोडल्या होत्या. तिने एका नटाला बोटं लावली. तो चक्क हाताने फिरला!

"बाजूला हो गं, डिझेल भरून येतो," पप्पा किल्ली फिरवत म्हणाले.

रूपा चाकाला पाठ लावून जमिनीवर बसली. "गाडी हलणार नाही, पप्पा."

"रूपा! हा काय तमाशा लावलाय?"

"मला रागवा, मारा, पण आधी इथं हात लावून बघा!" तिने नटाकडे बोट दाखवलं.

मोतीराम तणतणत खाली वाकले. त्यांनी नटाला हात लावला. नट फिरला. दुसरा फिरला. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग पार उतरला आणि ते तिथंच मातीत बसले. "सात माणसं," ते एवढंच म्हणाले.

फोन जाताच फकिरा मिस्त्री स्कूटरवर हजर झाले. "हात्तिच्या! एवढंच ना? घट्ट आवळतो, झालं काम!"

"काका, चाकं बसवली तेव्हाही तुम्हीच आवळले होते ना?" रूपाने विचारलं.

"व्हय! पान्यावर उभं राहून!"

"मग ढिले कशानं झाले?"

मिस्त्री चाकाशी वाकले. त्यांनी गाडी जॅकवर चढवून नट काढले, चाक उतरवलं. नटाखालून निळ्या रंगाचे पापुद्रे गळून पडले. चाकाच्या मागच्या बाजूलाही, जिथं ते गाडीला टेकतं तिथं, दुधावरच्या सायीसारखा जाड थर चेपून सरकला होता.

"लोखंडाला लोखंड भिडायला पाहिजे," मिस्त्री खाली मान घालून म्हणाले. "मधी रंग राहिला. तो चेपत गेला नि नट सुटत गेले. मला तेव्हाच दिसलं होतं, रंग वाळला पण नव्हता. पण पोरांनी एवढ्या हौसेनं लावलाय, खरवडायचा कसा, म्हणून तसंच आवळलं. आवाज आल्यावर तरी नटांना हात लावायचा होता. चूक माझी आहे, मोतीराम."

रूपाला मात्र पुढचं ऐकूच आलं नाही. रंग! तिचा रंग! ज्याचं इतके दिवस कौतुक मिरवलं, तोच आजीला घेऊन बुडणार होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आजी काठी टेकत आली आणि चाकाशेजारी बसली. "कशापायी रडतीस?"

"मीच केलं गं हे, आजी. आता तुझं जाणं..."

"तूच केलंस आणि तूच शोधलंस. आपली चूक हुडकायला लई धीर लागतो, पोरी." आजीने मिस्त्रींकडे हात पुढे केला. "फकिरा, तो पॉलिश पेपर दे इकडं. कुठं कुठं घासायचं, सांग."

मग सगळेच घासायला बसले. फकिरा मिस्त्रींनी चारही चाकं उतरवली. बोल्टचे आटे शाबूत आहेत का, तेही त्यांनी एकेक करून तपासलं. नटाखालचा आणि मागचा रंग निघाला, लख्ख लोखंड उघडं पडलं. बाकीचं निळं तसंच राहिलं. चाकं पुन्हा घट्ट बसल्यावर रूपाने चारही चाकांवर खडूच्या नव्या रेघा ओढल्या. सम्यकच्या नाकालाही निळा रंग लागला आणि रूपाला रडता रडता हसू फुटलं.

पहाटे गाडी निघाली. पन्नास किलोमीटरवर मोतीरामांनी स्वतःहून गाडी एका पेट्रोल पंपाच्या आवारात घेतली आणि पाना काढला. "मिस्त्रीनं सांगितलंय, एकदा पुन्हा आवळून बघा म्हणून," ते म्हणाले, "पण आधी आमच्या मोठ्या मिस्त्रीला विचारू. रूपा, रेघा बघ बरं!"

चार चाकं, वीस रेघा. रूपाने प्रत्येकीवर बोट ठेवून पाहिलं. सगळ्या सरळ होत्या. पान्यालाही एक नट हलला नाही.

"मी ऐकलं नाही तुझं," पप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "तू ऐकलंस म्हणून आज आपण सगळे इथं आहोत."

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. पांढऱ्या साडीतली आजी पुढे वाकली. "मोतीराम, ती गाणी जरा बंद कर." गाणी थांबली. "काय ऐकू येतंय गं, रूपा?"

सगळ्यांनी श्वास रोखून कान दिला.

"काहीच नाय, आजी."

"मग चला," आजी म्हणाली आणि तिने रूपाचा निळा हात आपल्या हातात घट्ट धरला.