नंबर तोच राहील

मी दार उघडलं ते भांडायच्या तयारीतच.

"दोन तास उशीर झालाय तुम्हाला."

"एक तास पन्नास मिनिटं," तो म्हणाला. खांद्यावर वायरचं भेंडोळं, केसांतून पाऊस ठिबकतोय आणि वर चेहऱ्यावर हसू… माझं अर्धं भांडण तिथेच विरघळलं.

घरात फोन एका कंपनीचा, इंटरनेट दुसरीचं. काही बिघडलं की दोघांचे लाईनवाले एकमेकांकडे बोट दाखवायचे. वैतागून मी दोन्ही एकाच वायरीवर घ्यायचं ठरवलं होतं, आणि हा नव्या कंपनीचा लाईनवाला ते जोडायला आला होता.

"जुना फोन चालू आहे ना?" भिंतीला भोक पाडता पाडता त्याने विचारलं.

"बंद करायला सकाळीच कळवलंय. आजच्या आज करतो म्हणाले."

त्याचं ड्रिल थांबलं. "म्हणजे आधी कळस, मग पाया. अहो, नंबर आमच्याकडे येईपर्यंत जुनी लाईन चालू लागते. ती तुटली की नंबरही गेला."

मी मटकन खुर्चीत बसले. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा धंदा. लोकांच्या चुका मला मैलावरून दिसतात, स्वतःची तेवढी दिसत नाही.

"नंबर… खास आहे का?" त्याने हळूच विचारलं.

मग सांगितलं त्याला. आईबाबांच्या माघारी आत्याने मला वाढवलं. आता ती वृद्धाश्रमात असते. माझं नाव तिला कधी आठवतं, कधी नाही, पण या नंबरचे आकडे तिच्या बोटांना पाठ आहेत. रोज चार वाजता फोन करते. नवा नंबर आता तिच्या डोक्यात राहायचा नाही. हा गेला तर ती मला शोधणार कुठे?

बोलता बोलता माझा आवाज कापला. त्याने ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि खिशातून मोबाईल काढला. मला ते फार आवडलं.

पाऊण तास तो जुन्या कंपनीशी बोलत होता. कुणाला साहेब, कुणाला ताई, एकीला तर चक्क मावशी. शेवटी लाईन बंद करायचा माझा अर्ज त्यांनी रद्द केला. मग नंबर नव्या कंपनीकडे न्यायच्या कागदावर त्याने माझी सही घेतली.

"इंटरनेट आजच चालू होईल. नंबर यायला चार दिवस. काही बिघडलं तर फोन करा."

काहीही बिघडलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी फोन केला.

"त्या इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा दिवा… जरा जास्तच हिरवा वाटतोय."

"हो का? मग येऊन बघावं लागेल."

"लागेलच."

तो आला, दिवा बघितला, दोन कप चहा प्यायला आणि बिघाड गंभीर असल्याचं सांगून गेला.

चौथ्या दिवशी फोन नव्या वायरीला जोडून तो खाली रस्त्यावरच्या वायरींच्या पेटीपाशी गेला. तिथून त्याने फोन लावला.

"हॅलो, टेस्टिंग. ऐकू येतंय?"

"येतंय."

"मग… संपलं काम. आता यायला काही निमित्त उरलं नाही."

मी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"लाईन गेली का?"

"नाही… तुमचा पेचकस राहिलाय वर."

"विसरलो नाही. ठेवलाय."

तो वर आला तेव्हा मी चहाला दूध तापवत होते. तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात चार. दूध वर आलेलं, माझ्या हातात चिमटा.

"घे ना तो," मी ओरडले. 'घ्या'चं 'घे' झालं होतं. मुद्रणदोषच म्हणायचा, पण दुरुस्त करावासा वाटला नाही.

आत्याला कमी ऐकू येतं, म्हणून ती अशी बोलते की स्वयंपाकघरातही ऐकू यावं.

"कोण बोलतंय?"

"लाईनवाला, आत्या."

"माझी पोर आहे का?"

"आहे ना. दूध उतू घालतेय."

"आणि तू कोण? घरातलाच का?"

मी गॅस बंद केला. आत्याचा फोन लागला होता, नंबर वाचला होता, आणि तो रिसीव्हर कानाशी धरून माझ्याकडे बघत होता. कान लालबुंद.

"अजून नाही, आत्या."

मी जाऊन रिसीव्हर घेतला. त्याचा हातही सोबत आला, तो मी सोडला नाही.

"होईल गं," मी आत्याला सांगितलं.